दुसरा गुडघा कधी करणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही एकटेच विचारता असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, मंडईत, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायका, दादाच्या सासरची माणसं, आमचे नेहमीचे रिक्षावाले मामा, गेली तीन वर्षं सगळ्यांचा एकच प्रश्न, ऑपरेशन करून बदललेला आईचा उजवा गुडघा एवढा चांगला झालाय तर डावा कधी करणार? आणि मी दर वेळी "बघू, यंदा नको" म्हणून विषय बदलते. आज एकदा सगळं लिहून टाकते.

गुडघा चांगला झालाय हे खरं आहे. मी काही सांगायला लागले की लोकांना वाटतं ही ऑपरेशनच्या विरोधात आहे. तसं नाही. ऑपरेशनच्या आधी आई मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा जिना बसून उतरायची, एकेक पायरी, हातावर जोर देऊन. रात्री कूस बदलताना कण्हायची. आता ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटी जाते, कठडा धरून का होईना पण जिना उभ्यानं उतरते, आणि उजव्या गुडघ्यात ती जुनी ठणक राहिलेली नाही. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे ती आहेच, चालताना आत कधीकधी टक टक वाजतं, खाली मांडी घालून बसता येत नाही, गुडघे टेकून देवघर पुसता येत नाही. भाकरी आता उभ्यानं, ओट्याशी. हे सगळं आम्हाला आधीच सांगितलं होतं आणि आम्ही कबूलही केलं होतं.

आणि वाटी बदलली, वाटी बदलली असं सगळे म्हणतात म्हणून सांगते, वाटी बऱ्याचदा तशीच ठेवतात. मांडीचं हाड आणि नळीचं हाड जिथं एकमेकांवर घासतात ती दोन टोकं तासतात, वर धातूचं टोपण, खाली धातूची बैठक आणि मधे प्लॅस्टिकची गादी. पैशाचंही सगळे विचारतात, तर 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं किमतीला लगाम घातला, साधा कोबाल्ट क्रोमचा सांधा जो आधी दीड लाखाच्या पुढं होता तो 54,720 रुपयांवर आणला, वर जीएसटी. पण बिल नुसत्या सांध्याचं नसतं, खोली, भूल, औषधं, नंतरचा फिजिओ हे धरूनच घरातून निघा.

टिकण्याची भीती मला कधीच नव्हती. 2019 मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, त्यात शंभरातले 82 गुडघे 25 वर्षं टिकतात असं निघालं. आई तेव्हा 72 ची होती. सांधा तिला पुरणार होता. आई त्या सांध्याला पुरेल का, हा हिशोब मात्र मी केला नव्हता.

आता त्या रात्रीचं.

ऑपरेशन सोमवारी झालं. पाठीतून भूल दिलेली, पूर्ण बेशुद्ध केलेलंच नव्हतं. मंगळवारी सकाळी फिजिओनं वॉकर धरून उभं केलं, आई चार पावलं चालली, मी व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आषाढात आई टेंबलाई चढणार." म्हणजे आमच्या कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीवर देवीला ते पंचगंगेचं नवं पाणी घेऊन जातात नं, मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढं पी-ढबाक वाजत असतं. आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून कळशी डोक्यावर घेऊन जायची आणि चार वर्षं तिचं जाणं बंद पडलं होतं. एकवीस जणांनी अंगठे पाठवले. तो मेसेज अजून आहे, मी तो पुसत नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती जरा गप्प वाटली. मला वाटलं दुखत असेल. बुधवारी दिवसभर झोपून, मधेच जागी, मधेच हातानं पांघरुणातले धागे वेचल्यासारखं करायची. मी नर्सला म्हटलं, त्या म्हणाल्या थकल्यात आजी, झोपू दे. चष्मा मीच काढून पर्समध्ये ठेवला होता, हरवायला नको म्हणून. कानातलं मशीन तर घरीच ठेवलं होतं, दवाखान्यात कशाला हवंय म्हणून.

बुधवारी मध्यरात्रीनंतर कधीतरी मी खुर्चीतच पेंगले आणि कसल्यातरी आवाजानं जागी झाले तर आई पलंगाच्या कडेला. सलाईनची सुई उपटलेली, चादरीवर रक्त, लघवीची नळी ताणलेली, आणि ऑपरेशनचा पाय खाली सोडून ती उठायला बघतेय. मी धावत जाऊन धरलं. तर माझ्याकडं अशी बघितली जशी मी कुणी चोर आहे. "सोड. दूध ठेवलंय गॅसवर. ह्यांचा डबा व्हायचाय. मी जातो घरला." बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आई, मी आहे, अगं मी." ती म्हणाली, "तू कुणाची गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या अनोळखी पोरीला गल्लीत विचारावं तसं विचारलं.

मग नर्स आल्या, आया आली, आईनं आयाला चावायचा प्रयत्न केला, जिनं आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोललं नाही ती माझी आई. आणि त्यांनी तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या दांड्यांना बांधले. मला म्हणाल्या, "ताई, पाय टेकला आणि पडल्या तर सगळं वाया जाईल, तुम्हीच सांगा काय करायचं." मी काय सांगणार? मी म्हटलं बांधा. हे मी आजपर्यंत दादालाही सांगितलं नव्हतं. त्याला वाटतं त्यांनी न विचारता बांधले. विचारलं होतं. मी हो म्हणाले होते.

पहाटेपर्यंत ती हात ओढत होती आणि मला न ओळखता माझ्याकडंच विनवणी करत होती, "बाई, सोड गं, तुझ्या पाया पडतो." मी शेजारी बसून होते.

सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले, म्हणाले या वयात होतं असं, उतरेल. मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी त्यांना कॉरिडॉरमध्ये अडवलं आणि म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले संमतीच्या कागदात आहे. असेलही. सह्या मीच केल्या होत्या. नंतर फिजिशियन मॅडम आल्या आणि त्यांनी मला पहिल्यांदा नीट बसवून प्रश्न विचारले. रक्त तपासलं तर सोडियम 121. ते 135 च्या वर पाहिजे. आईची बीपीची गोळी लघवी वाढवणारी, त्यात ऑपरेशन, उलट्या, सलाईन, घसरलं. आणि मग त्यांनी विचारलं, झोपेची गोळी घेतात का?

घेत होती. बाबा गेल्यापासून अल्प्राझोलमची अर्धी गोळी, रोज रात्री, अकरा वर्षं. ऑपरेशनच्या आधी दोनदा विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत. मी बीपीची सांगितली, थायरॉईडची सांगितली, कॅल्शियमचीसुद्धा सांगितली. ती अर्धी गोळी सांगितली नाही, कारण ती आमच्या घरात औषध समजलीच जात नव्हती, देवघराच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्याशेजारी असायची. म्हणजे सोमवारपासून ती गोळी अचानक बंद. अकरा वर्षांची सवय असलेली गोळी अशी एकदम तोडली की माणूस असं बिथरू शकतं, विशेषतः म्हातारं माणूस, आणि वर सोडियम, वर नळी, वर अनोळखी खोली, चष्मा नाही, कानाला ऐकू नाही. मॅडम म्हणाल्या आधी चष्मा आणि मशीन घेऊन या, हात सोडा, घरचं एक माणूस सतत शेजारी ठेवा, रात्री बारीक दिवा चालू, दिवसा पडदे उघडे, घड्याळ समोर. गोळी परत सुरू केली, सोडियम सावकाश चढवलं, ते एकदम चढवायचं नसतं. शनिवारी दुपारी तिनं डोळे उघडून मला नावानं हाक मारली आणि विचारलं, "जेवलीस का?"

आता मला सांगू नका की "झालं ना बरं मग". झालं. पण मला वाटलं होतं तिला त्यातलं काही आठवणार नाही. सगळं नाही आठवत. बाबांचा डबा आठवत नाही, चावायला गेलेली आठवत नाही. हात बांधलेले आठवतात. आणि कुणीतरी बाई शेजारी नुसती बसून होती हे आठवतं. ती बाई मी होते हे तिला माहीत आहे का, हे मी कधी विचारलेलं नाही.

घरी आल्यावरचं तर बहुतेकांना ठाऊकच आहे. पोटात रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं, चौदाव्या दिवशी टाके, बर्फाच्या पिशव्या. नातेवाईक डबे भरभरून पायाचं सूप आणायचे, हाडं धरतात म्हणे. तालमीतला एक जण तेल लावून मालिश करतो म्हणाला, त्याला दारातूनच परत पाठवला. खरं युद्ध गुडघा वाकवायचं होतं. फिजिओ रोज कोन मोजायचे, नव्वद आलं का? सहा आठवड्यांनी ऐंशीला अडकलं. डॉक्टर म्हणाले वाकत नसेल तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. भूल हा शब्द ऐकला आणि मी अशी पेटले की त्यानंतर महिनाभर दिवसातून चार वेळा मीच तिचा पाय दाबत होते. टाचेखाली टॉवेल, सरकव, अजून, अजून. ती ओरडायची तेव्हा शेजारच्या वैनी खिडकी बंद करायच्या. एकशेपाचपर्यंत आणला. फिजिओ म्हणाले शाबास. दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही.

त्या चार पावलांच्या व्हिडिओखाली टेंबलाई लिहिणारी मी, तिच्याशी माझं अजून भांडण आहे. ती म्हणते, अगं पण चालते ना आता, तू एका आठवड्यासाठी सगळ्यालाच नावं ठेवतेस. बरोबर आहे तिचं. मी म्हणते, तू ज्यांचे गुडघे चांगले झाले त्यांनाच भेटलीस, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो हे तू वाचलं होतंस आणि पुढच्या पानावर गेलीस. यावर तिच्याकडं उत्तर नाही, पण माझ्याकडंही नाही, कारण आई त्या पाचव्यातली आहे की उरलेल्या चारांतली, मला ठरवता येत नाही. गुडघ्याला विचाराल तर चारांतली.

लोक मला वाजपेयींचं उदाहरण देतात, पंतप्रधान असताना 2000 साली एक गुडघा केला आणि पुढच्या वर्षी दुसरा. हो, केला. आणि आमच्या गल्लीतल्या मावशींचं देतात, मोरीत पडून खुबा मोडला, ऐंशीच्या होत्या, दोन दिवसांत ऑपरेशन करून उभ्या केल्या, मग तुम्ही का घाबरता? पण ती गोष्टच वेगळी आहे हो. खुबा मोडला की निवडायला काही उरत नाही, ऑपरेशन नाही केलं तर माणूस अंथरुणाला खिळतं, न्यूमोनिया, पाठीला जखमा, तिथं एक-दोन दिवसांतच निर्णय घ्यावा लागतो, आणि सगळं नीट होऊनही खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांतलं दर चार-पाच जणांमागं एक जण वर्षभरात जातं. तिथं मी एक मिनिट विचार केला नसता. गुडघा थांबू शकतो. थांबू शकतो हीच तर पंचाईत आहे, कारण मग थांबायचं की नाही हे कुणीतरी ठरवावं लागतं.

आणि ठरवलं कुणी? मी सगळ्यांना सांगते, आईच नको म्हणते. खरंय, ती नको म्हणते. गेल्या वर्षी डाव्याचा एक्स-रे काढला, सांध्यातली फट पार संपलीय, डॉक्टर म्हणाले या खेपेला सगळी काळजी घेऊ, ऑपरेशनच्या आधीच फिजिशियनना दाखवू, झोपेची गोळी आता हळूहळू कमी करत पावावर आणलीय तीही लिहून ठेवू. आई म्हणाली नको. आणि त्या क्षणी मला किती हलकं वाटलं हे तिनं बघितलं की नाही देव जाणे. म्हणजे तिचं नको हे तिचं किती आणि माझं तोंड बघून म्हटलेलं किती, हे मला कळत नाही. मी आग्रह केला असता तर ती तयार झाली असती, पहिल्या वेळेला झालीच होती. डावा पाय ओढत ती पोळ्या लाटते तेव्हा मी आत निघून जाते.

टेंबलाईला गेलो आम्ही, या आषाढात. रिक्षा वरपर्यंत जाते. तिनं स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं होतं, मांडीवर धरून. वर उतरल्यावर उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली, देवळापर्यंत चालत गेली, परत येताना डावा गुडघा धरून कट्ट्यावर बसली आणि खालून चढत येणाऱ्या बायकांकडं बघत राहिली. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "उजवा न्हवं, ह्यो."

मागच्या रविवारी मेथी निवडत बसली होती. मधेच म्हणाली, "ती दवाखान्याची फाईल हाय न्हवं तुझ्याकडं?" मी म्हटलं आहे. "त्यात झोपंची गोळी लिवलीस का?" लिहिलीय, म्हटलं. "मोठ्या अक्षरात लिव. आनि कानाचं मशीन." मी विचारलं, का गं, करायचाय का? तिनं उत्तर दिलं नाही. जुडी संपली होती, दुसरी सोडली.