स्टँ. टा.

बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. कानाला फोन, पुढ्यात चार्ट, हातात पेन्सिल. कुठली गाडी कुठल्या स्टेशनातून किती वाजता सुटली याच्या तिरक्या रेघा ओढण्यात त्यांची नोकरी गेली. त्याचं खरकटं घरी यायचंच. आमच्याकडे कुकरची शिट्टी ‘बिफोर टाइम’ व्हायची, दूधवाला ‘राइट टाइम’ असायचा आणि मी जन्मापासून ‘लेट’.

जून २०१९मध्ये आई-बाबा आमच्याकडे लंडनला आले, तेव्हा पहिला आठवडा वेळापत्रकातच गेला. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर बाबांनी यादी केली होती. राजवाडा, टॉवर, म्युझियम, पुन्हा म्युझियम. पाय सुजले तेव्हा आईने जाहीर केलं की उद्या कुठेही ‘पोचायचं’ नाही. डबा घ्यायचा, बागेत बसायचं आणि कंटाळा आला की परत यायचं. बाबांनी यादीवर त्या दिवशीपुढे ‘निवांत’ असं लिहिलं आणि विचारलं, “किती वाजता निघायचं?”

त्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ हा वेगळाच विषय होता. जुनं, रोज चावी द्यायचं एचएमटी. त्याचे काटे त्यांनी मुंबई सोडल्यापासून हलवले नव्हते. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना कधीकाळी एक गंमत सांगितली होती: भारताची वेळ दाखवणारं घड्याळ उलटं धरलं की लंडनची वेळ दिसते. साडेपाच तासांचा फरक असल्यामुळे हे जमतं. तास काटा सहा घरं सरकतो, मिनिट काटा तीस मिनिटं. अगदी काटेकोर नाही, पण नजरेला पटतं. विमानतळावर उतरल्याउतरल्या बाबांनी मनगट फिरवून पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. नेमका एक तास चुकत होता.

“उन्हाळ्यात इथे घड्याळं एक तास पुढे करतात,” मी सांगितलं.

“सगळा देश मिळून?”

सगळा देश मिळून. विल्यम विलेट नावाच्या एका बिल्डरने हा हट्ट धरला होता. लोक पहाटेचा उजेड झोपून वाया घालवतात याचा त्याला मनस्वी त्रास व्हायचा. तो १९१५मध्ये वारला आणि १९१६मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत कायदा झाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पण गाडी लेट झाली म्हणून घड्याळ मागे करायचं, अशातलाच हा प्रकार त्यांना वाटला असावा. काटे काही त्यांनी हलवले नाहीत. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात कपबश्या वाजायच्या, कारण घड्याळात नऊ वाजलेले असायचे.

तर निवांत दिवसासाठी मी मुद्दाम ग्रिनिच निवडलं. मोठी बाग, टेकडी, नदी. वेधशाळाही तिथेच आहे हे मी बोलले नाही.

बँक स्टेशनात डीएलआरमध्ये चढलो. ही १९८७पासून धावणारी छोटी गाडी, हिला पुढे ड्रायव्हरची केबिनच नाही. नातवाने आजोबांना ओढत नेऊन सगळ्यात पुढच्या काचेला लागून बसवलं. दोन स्टेशनं बाबा काही बोलले नाहीत. पुढचा रूळ त्यांच्या अंगावर येत होता. तिसऱ्या स्टेशनाला त्यांनी मान वळवून हळूच विचारलं, “मग चुकलं तर मेमो कुणाला देतात?” त्यानंतर मात्र ते दोघे मिळून गाडी चालवायला लागले. वळण आलं की मुलगा भोंगा वाजवायचा आणि बाबा “सिग्नल पिवळा, हळू” म्हणायचे.

आयलंड गार्डन्सला उतरून आम्ही नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलो. १९०२मध्ये गोदी कामगारांना पायी ये-जा करता यावी म्हणून बांधलेला हा बोगदा पावणेचारशे मीटरच्या आतबाहेर आहे. आत पांढऱ्या फरशा लावल्यात. गार, थोडा ओलसर. मध्यावर आल्यावर आईने वर बघून विचारलं, “आत्ता आपल्या डोक्यावर नदी आहे?” आणि पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

वर आलो तर समोर ‘कटी सार्क’. चीनमधून चहा आणण्यासाठी १८६९ साली पाण्यात उतरवलेलं हे उंच डोलकाठ्यांचं जहाज आता किनाऱ्यावर काचेच्या लाटांत बसवून ठेवलंय. “चहासाठी एवढं?” असं म्हणताना आईच्या आवाजात आश्चर्यापेक्षा आदर जास्त होता.

टेकडी चढताना तीनदा बसलो. वर पोचल्यावर वेधशाळेच्या फाटकापाशी भिंतीत एक मोठं गोल घड्याळ दिसलं. शेफर्ड नावाच्या घड्याळजीने केलेलं, १८५२पासून तिथलं. बाबा थबकले. तबकडीवर बाराऐवजी चोवीस आकडे, तेही रोमन. शून्य वर, बारा खाली. तास काटा आपल्या सवयीच्या घड्याळात पाचच्या जरा पुढे असावा तसा. “बंद पडलंय,” मुलगा म्हणाला. बाबांनी चष्मा वर सरकवला, बोटाने हवेत आकडे मोजले. “नाही. दहा चाळीस.”

मी फोन पाहिला. अकरा चाळीस.

बाबांनी मनगट वर केलं. त्यांच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी ते सावकाश उलटं फिरवलं. दहा चाळीस.

हे घड्याळ वर्षभर फक्त ग्रिनिचची मूळ वेळ दाखवतं. उन्हाळा आला म्हणून कुणी त्याचे काटे पुढे करत नाही. म्हणजे आठवडाभर त्या अख्ख्या शहरात बाबा एकटे बरोबर नव्हते, त्यांच्या जोडीला भिंतीतलं एक घड्याळही होतं. त्यांनी काही मिरवलं नाही, पण फाटकापाशी दहा मिनिटं उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना फोटोसाठी जागा करून द्यायचे आणि परत तिथेच येऊन उभे राहायचे.

आत अंगणात पितळी रेघ. शून्य रेखांश. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढायला ही रांग. आमची पाळी आली तेव्हा आईने रेघ टांग टाकून ओलांडली. “उंबऱ्यावर उभं राहू नये,” ती म्हणाली, आणि पलीकडच्या गोलार्धातून आम्हाला बोलावू लागली. १८८४मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत देशांनी ही रेघ शून्य म्हणून मान्य केली, पण फ्रान्सने मतच दिलं नाही. पुढे १९११मध्ये त्यांनी ही वेळ स्वीकारली, तीही ग्रिनिचचं नाव न घेता, ‘पॅरिसची वेळ उणे ९ मिनिटं २१ सेकंद’ असं कायद्यात लिहून. नवऱ्याने फोनवर जीपीएस लावलं, तर त्यातलं शून्य पितळी रेघेवर येईना. ते १०२ मीटर पूर्वेला आहे. जुन्या दुर्बिणीचं सरळ-उभं ठरायचं स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून, आणि ते इथे किंचित तिरपं ओढतं. “म्हणजे खुद्द शून्यच प्लॅटफॉर्म सोडून उभं आहे,” बाबा म्हणाले.

आतल्या दालनांत मला सगळ्यात आवडली ती रूथ बेलव्हिलची गोष्ट. वेधशाळेत नोकरी करणाऱ्या तिच्या वडिलांनी १८३६मध्ये लंडनच्या घड्याळजींना बरोबर वेळ पुरवायला सुरुवात केली. त्यांच्यामागे आईने आणि मग हिने तो धंदा चालवला. ‘अरनॉल्ड’ नावाचं एक खिशातलं घड्याळ घेऊन ही टेकडी चढायची, इथल्या घड्याळाशी ते ताडून घ्यायची आणि मग दारोदार गिऱ्हाइकांना वेळ दाखवत फिरायची. वेळेचा रतीबच! तारेने, पुढे रेडिओवर वेळ फुकट मिळायला लागली तरी १९४०च्या सुमारापर्यंत तिचा रतीब चालू होता. आईने विचारलं, “खाडे कापत असतील का गं?”

बाबा मुलाला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगत होते. १९०६पासून देशात स्टँडर्ड टाइम आला, पण मुंबई अडून बसली. तिची स्वतःची वेळ होती, ३९ मिनिटं मागे, आणि १९५५पर्यंत शहरात ती पुरती सुटली नव्हती. “तुझे पणजोबा गिरगावात राहायचे. कुणी भेटायला बोलावलं की आधी विचारायचं, मुंबई टाइम का स्टँडर्ड? म्हणून तर पत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ छापायचे. नाहीतर नवरा बोहल्यावर आणि वऱ्हाड अजून घरी.” मुंबई टाइम संपला तरी पत्रिकांतून ‘स्टँ. टा.’ पुढे कित्येक वर्षं छापून येत राहिलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही होतं. मला ती कुठली तरी पदवी वाटली होती.

बाहेर हिरवळीवर चादर पसरली. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दही. वेधशाळेच्या छपरावर खांबाला ओवलेला एक तांबडा गोळा आहे. १८३३पासून तो रोज दुपारी एकला खाली पडतो. नदीतल्या जहाजांनी तो बघून आपली घड्याळं लावावीत म्हणून. एकला पाच कमी असताना तो अर्ध्यावर चढला. दोन कमी असताना टोकाला. हिरवळीवरचे सगळे माना वर करून गप्प. बाबांच्या हातात अर्धी पुरी. गोळा पडला, आवाज न करता, जरा आरामातच. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“हा उन्हाळी एक,” बाबा म्हणाले. गोळा उन्हाळ्याप्रमाणे चालतो, फाटकातलं घड्याळ चालत नाही. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं. मग मनगट पाहून म्हणाले, “साडेपाच झाले.”

आईने तेवढ्यात थर्मास उघडलाच होता.

त्यानंतर आम्ही काहीच केलं नाही. बाबा तोंडावर टोपी ठेवून झोपले. दोन तास. मी त्यांना दुपारी दोन तास झोपलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. आईने आजूबाजूच्या कुत्र्यांना नावं ठेवली. खाली नदीच्या वळणापलीकडे काचेच्या उंच इमारती उन्हात चमकत होत्या आणि कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

परतीला बोट घेतली. टॉवर ब्रिज मागे पडला तेव्हा साडेपाच वाजले होते, इथले. बाबांच्या घड्याळात रात्रीचे दहा. रोजची चावी द्यायची वेळ. त्यांनी पट्टा सोडला आणि घड्याळ नातवाच्या हातात दिलं.

“आबा, इथली वेळ लावू?”

“नको. चावी दे. काट्यांना हात लावू नकोस.”