सागवानी डेकखालचं पाणी

इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीकाठी मी जुन्या शिडाच्या बोटींचा सर्व्हे करतो. बोट घेणारी माणसं आधी तिच्या प्रेमात पडतात आणि मग मला फोन करतात. मार्चमध्ये आलेला असाच एक फोन चक्क मराठीत होता.

रेडिंगला राहणारं जोडपं, मूळ डोंबिवलीचं. निवृत्तीनंतर भूमध्य समुद्रात जायचा बेत. बोट अडतीस फुटी, 1988ची, उत्तर युरोपातल्या एका मोठ्या यार्डात बांधलेली. यार्डाचं नाव सांगत नाही. त्यांच्या कामाबद्दल माझं मत एरवी चांगलंच आहे.

"या नावाची बोट डोळे मिटून घ्यावी म्हणतात," साहेब म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"विमा कंपनीला रिपोर्ट हवाय."

बोट हॉइस्टच्या, म्हणजे बोट उचलणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यांवर लटकत होती. पाण्याखालचा भाग ठणठणीत, कील, म्हणजे तळाचा वजनदार पंखा, तिचा सांधा कोरडा, सुकाणू जराही हलत नव्हतं. साहेबांची कळी खुलली.

मग डेकवर चढलो. त्या काळी सागाच्या पट्ट्या स्क्रूंनी बसवत, एकेका बोटीत शेकडो स्क्रू. आणि या बोटीचा डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचं सारण. वर्षानुवर्षं पायांखाली साग झिजतो, स्क्रूंवरची लाकडी बुचं उडतात, आणि पाण्याला आत शिरायला शेकडो वाटा मिळतात. सागावर ओलावा मोजायचं मीटर काहीही आकडे दाखवतं, म्हणून मी हातोडी काढली.

माझी आजी गुहागरला फणस वाजवून पिकलाय का ते सांगायची. मीही तेच करतो, फक्त प्लास्टिकच्या हातोडीने. पुढच्या भागात टक्, टक्. डोलकाठीच्या मागे आलो आणि आवाज बदलला. थप्, थप्. फणसाला हा आवाज चांगला.

खाली केबिनमध्ये छताचं अस्तर सोडवलं आणि मालकाला विचारून दोर ओढायच्या विंचचा एक बोल्ट सैल केला. चहासारखं तपकिरी पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. कुजक्या लाकडाचा वास सुटला.

"अहो, ही तर आतून ओलीच आहे," बाई म्हणाल्या. साहेब गप्प.

डेक उघडून नवा गाभा भरायचा तर मागितलेल्या किमतीचा तिसरा हिस्सा तरी गेला असता.

हॅम्बलच्या त्याच आवारात तीन बोटी सोडून एका फ्रेंच कारखान्याची बोट उभी होती, ढिगाने निघणाऱ्या बोटींपैकी. 'ती भाड्याने देणाऱ्यांची बोट' म्हणून साहेबांनी ती आधीच बाद केली होती. तिचा मालक फेरीबोटीवरचा निवृत्त इंजिनिअर. त्याने मला त्याची वही दाखवली. डोलकाठीच्या तारा 2019मध्ये बदललेल्या, सेलड्राइव्हचं, म्हणजे इंजिनाची ताकद तळातून पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागाचं, रबरी सील बरोबर सात वर्षांनी. आणि एका पानावर लाल शाईत: 2016, वाळूवर टेकली, कील उतरवून तपासली.

अशा बोटींत तळाशी मजबुतीचा सांगाडा चिकटवलेला असतो. बोट टेकली की तो सुटू शकतो, आणि वरून काही कळत नाही. 2014मध्ये अटलांटिकमध्ये 'चीकी राफिकी' या शिडाच्या बोटीची कील तुटून चार जण गेले. तपासात आधीच्या टेकण्यांचा आणि दुरुस्त्यांचा मुद्दा निघाला. तेव्हापासून बोट कधी टेकली होती का, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुधा 'छे, कधीच नाही' असं येतं. इथे ते न विचारता लाल शाईत मिळालं होतं.

बाईंनी ती वही उभ्याउभ्या अर्धी वाचून काढली. साहेबांचा अजून विचार चालू आहे. पहिल्या बोटीची किंमत कमी करा म्हटलं, तर दलाल नुसता हसला, "नाव बघा ना तिचं."

मेमध्ये ती विकली गेली, ऐकलं ते पुऱ्या किमतीला. परवा पोंटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, दिसली. सांध्यांत ताजं काळं सीलंट, बुचं नवी कोरी, डेक कसा चकचकीत. नव्या मालकाने हात हलवला. मीही हलवला.