डॉल्फिन मोठा जलचर, सूत्रकृमी छोटा

सूत्रकृमी, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारा धाग्यासारखा बारीक कृमी, हा मातीतला जीव, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर तो गंगेतल्या डॉल्फिनइतकाच जलचर आहे. डॉल्फिनला खोल डोह लागतो, तर अर्ध्या मिलिमीटरहून लहान असलेल्या सूत्रकृमीच्या पिल्लाला मातीच्या कणांभोवतीचा ओलाव्याचा थर पुरतो. तो आटला की त्याचा रस्ता बंद.

गंगा डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंगच नसतं. गढूळ पाण्यात तो आवाज सोडून प्रतिध्वनीवर मासा हेरतो. सूत्रकृमीला तर डोळेच नाहीत. मुळांतून पाझरणाऱ्या रसायनांचा माग काढत तो मुळाच्या टोकाशी पोचतो आणि तोंडातली सुई खुपसतो. श्वासाला डॉल्फिन वर येतो, सूत्रकृमी कातडीतूनच भागवतो.

खरी तफावत वंशवाढीत. डॉल्फिनला दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू होतं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी नराशिवायच चिकट पिशवीत 200 ते 500 अंडी घालते, आणि उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार. नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडच्या चार महिन्यांच्या टोमॅटोत तीन-चार पिढ्या सहज होतात.

मुळांवर गाठी आहेत का हे तपासायला झाड उपटू नका. बारीक मुळं तुटतात आणि गाठी जमिनीतच राहतात. फावड्याने उकरा, बादलीत अलगद धुवा. हरभऱ्याच्या मुळावरची नत्राची गाठ नखाने निघून येते. सूत्रकृमीची निघत नाही, कारण तिथे मूळच फुगलेलं असतं.

सटाणा-देवळ्याच्या डाळिंबात ठिबकाचा विचार करायलाच हवा. मे महिन्यात सगळं रान कोरडं, ओल फक्त ड्रीपरखाली. पांढरी मुळं तिथेच, म्हणून सूत्रकृमीही तिथेच. मातीचा नमुना दोन ओळींच्या मधून घेतला तर अहवाल फसवा येतो. ड्रीपरजवळ 15-20 सेंटिमीटर खोलीवरून, आठ-दहा झाडांखालची माती बारीक मुळांसकट घ्या, मिसळून अर्धा किलो पिशवीत बांधा. पिशवी गाडीत उन्हात राहिली तर कृमी मरतात आणि अहवालात आकडा कमी दिसतो.

कृमी कमी करायला मोकळ्या रानात एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन खोल नांगरटी द्या, ढेकळं तापू द्या. रोपवाटिकेच्या वाफ्याला मात्र आधी भरपूर पाणी, मग 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चार ते सहा आठवडे, कडा मातीने घट्ट दाबून. माती ओली हवीच: ओलीतून उष्णता खोल जाते, आणि सुकून निपचित पडलेल्या कृमीपेक्षा जागा कृमी उष्णतेने लवकर मरतो.