दूध नको, ताक दे
तिशी ओलांडली आणि ग्लासभर दूध प्यायलं की पोटात गुडगुड, गॅस, कधी तर सरळ पळापळ. दही-ताक मात्र मस्त पचतं, त्यामुळे आईच्या मते हे सगळे माझे नखरे! पण प्रकरण एन्झाइमचं आहे हो. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि लहानपण सरलं की बऱ्याच जणांत ते कमी होत जातं, मग न फुटलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारून गॅस सोडतात. विरजणातले बॅक्टेरिया थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, वर स्वतःचं एन्झाइमही सोबत आणतात. चहातलं दूध चालतं मला. बासुंदी नाही चालत, तरी परवा दोन वाट्या हाणल्या आणि रात्रभर भोगलं.