चातुर्मासातला मॉन्टे क्रिस्टो

आमच्या घरी आषाढी एकादशीला पोथी लागत असे. आजी देवघरासमोर पाटावर बसून रोज एक अध्याय वाचायची आणि अध्याय संपला की खुणेला मोरपीस ठेवून पोथी लाल फडक्यात बांधून टाकायची. पुढे काय झाले, असे आम्ही मुलांनी कितीही विनवून विचारले तरी तिचे उत्तर ठरलेले असे : "ते उद्या." यंदाच्या चातुर्मासात माझ्या आत्याने आणि मी एक निराळीच पोथी लावली. आत्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिला काही महिने वाचन वर्ज्य होते. ती सोलापूरला, मी पुण्याला. रोज रात्री नऊ वाजता मी फोन करायचा, पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून एक प्रकरण तिला मराठीत सांगायचे आणि तिथेच थांबायचे, असे आम्ही ठरवले. दोघींनीही पुढचे पान चोरून पाहायचे नाही, ही अट आत्याची.

पुस्तक होते फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा यांचे 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'. त्याची प्रकरणे ११७ आणि अधिक मास नसेल तर चातुर्मासाचे दिवस ११८ च्या आसपास. हा योग माझ्या ध्यानात आला तो आठवडाभर वाचन झाल्यावर, आणि तेव्हा मला फार आनंद झाला. मध्ये चार-पाच रात्री चुकल्या, त्या आम्ही रविवारी दोन-दोन प्रकरणे करून भरून काढल्या.

महाविद्यालयात असताना मी हीच कादंबरी सुट्टीत तीन दिवसांत वाचून संपवली होती. त्या वाचनातून माझ्याजवळ उरला तो केवळ सूड : एका निरपराध खलाशाला साखरपुड्याच्या दिवशी पकडतात, चौदा वर्षे समुद्रातल्या किल्ल्यात डांबतात, तो निसटतो, खजिना मिळवतो आणि एकेकाचा हिशेब चुकता करतो. या वेळी चार महिने लागले आणि कादंबरी मला पहिल्यांदाच भेटल्यासारखी वाटली. साहसकथा हप्त्याहप्त्याने वाचण्याचे सुख हे उत्कंठेच्या धक्क्यापेक्षा फार मोठे आहे, असे आता मी खात्रीने म्हणते. दोन हप्त्यांमधला जो रिकामा वेळ असतो, तो लेखकाच्या मालकीचा नसून वाचकाच्या मालकीचा असतो, आणि कथेचा बराचसा भाग तिथेच घडतो.

ही कादंबरी मुळात हप्त्यांसाठीच लिहिलेली आहे. २८ ऑगस्ट १८४४ पासून १५ जानेवारी १८४६ पर्यंत ती पॅरिसच्या 'जुर्नाल दे देबा' या दैनिकातून क्रमशः आली, आणि मध्ये कित्येक महिन्यांचा खंडही पडला. या प्रथेमागे वृत्तपत्रांचे अर्थकारण होते. एमिल द जिरार्दँ यांनी १८३६ मध्ये 'ला प्रेस' हे दैनिक काढले, तेव्हा इतर दैनिकांची वार्षिक वर्गणी ८० फ्रँक असताना त्यांनी ती ४० वर आणली. तूट जाहिरातींनी भरून काढायची होती, जाहिरातींसाठी वर्गणीदार वाढवायचे होते, आणि आलेला वर्गणीदार टिकवण्यासाठी पानाच्या तळाशी आडवी रेघ मारून तिच्याखाली कादंबरी छापायची, हा उपाय सापडला. वर राजकारण, खाली कथा. द्यूमांनी १८४४ च्या मार्च ते जुलैमध्ये 'ल सिएक्ल' या दैनिकात 'द थ्री मस्केटिअर्स' ही तीन शिलेदारांची कथा पूर्ण केली, ऑगस्टमध्ये मॉन्टे क्रिस्टो सुरू केला आणि तो चालू असतानाच आणखी दोन दैनिकांत आणखी दोन कादंबऱ्या चालवल्या. ऑग्युस्त माके या सहकाऱ्याचा त्यात मोठा वाटा होता, पण त्यांचे नाव काही छापले गेले नाही, हे मला आजही खटकते. रेघेखालच्या या मजकुराचा प्रभाव एवढा वाढला की १८५० मध्ये फ्रेंच विधिमंडळाने कायदा करून क्रमशः कादंबरी छापणाऱ्या वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर एक सेंटिमचा जादा कर बसवला.

आपल्याकडेही हे रोप लवकर रुजले. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'उषःकाल'सारखी शिवकाळातली कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने वाचकांना दिली. माझ्या आजीकडे पुढच्या काळातल्या एका साप्ताहिकातून कापलेली कादंबरीची पाने होती. ती तिने गोधडीच्या जाड दोऱ्याने शिवून ठेवली होती. त्या बाडात एक हप्ता नव्हता. शेजारी वाचायला नेलेला अंक परत आलाच नव्हता. मी ते बाड वाचले तेव्हा त्या जागी नायक दरीच्या काठावर होता आणि पुढच्या पानावर थेट एका गावात जेवायला बसलेला होता. तो वर कसा आला असेल, याची मी स्वतःशी निदान सहा उत्तरे तयार केली होती. आज त्या कादंबरीतले दुसरे काहीही मला आठवत नाही, पण ती सहा उत्तरे आठवतात.

विसाव्या प्रकरणाची रात्र मला सविस्तर सांगायला हवी. तुरुंगात दांतेसचा, म्हणजे त्या निरपराध खलाशाचा, गुरू झालेला वृद्ध पाद्री फारिया मरण पावला आहे आणि पहारेकऱ्यांनी त्याचे प्रेत पोत्यात शिवून ठेवले आहे. दांतेस ते प्रेत भुयारातून आपल्या कोठडीत नेतो, स्वतः पोत्यात शिरतो आणि आतून टाके घालतो. रात्री दोघे त्याला उचलून नेतात, पायांना काहीतरी जड बांधतात, झोका देतात आणि फेकतात. पाण्यात पडल्यावर त्याला कळते की आपल्याला पुरण्याऐवजी समुद्रात टाकले आहे आणि पायांना छत्तीस पौंडांचा तोफगोळा आहे. या किल्ल्याची दफनभूमी म्हणजे समुद्र, असे सांगून प्रकरण संपते. मी थांबले. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग आत्या म्हणाली, "अगं, पोत्यात शिरताना त्याने हातात चाकू घेतला होता ना? तू मघाशी वाचलंस." तो चाकू माझ्या लक्षातच राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा पुन्हा फोन आला, केवळ एवढे विचारायला, की पोते फाडता आले तरी गोळ्याची दोरी पायाशी आहे, तिथवर त्याचा हात पोहोचेल का. महाविद्यालयातल्या माझ्या वाचनात या दोन प्रकरणांमध्ये पान उलटण्याइतकेच अंतर होते. आत्याला त्या अंतरात तेवीस तास मिळाले आणि त्या तेवीस तासांत ती त्याच्याबरोबर पाण्याखाली होती.

कैदेची प्रकरणे या गतीनेच वाचावीत, असे माझे मत झाले आहे. माशाच्या डोक्यातल्या कूर्चेची लेखणी, जुन्या धुराड्यातली काजळी रविवारच्या वाइनमध्ये कालवून केलेली शाई आणि सदऱ्यांच्या कापडावर लिहिलेला ग्रंथ, ही फारियाची सारी सामग्री एका दमात वाचताना नुसती यादी वाटते. रोज थोडे थोडे ऐकताना त्या वस्तूंमागची वर्षे जाणवतात. या कादंबरीचे अखेरचे शब्दच थांबणे आणि आशा धरणे यांविषयी आहेत. वाचकालाही थांबावे लागते, तेव्हा ते शब्द कानावरून नुसते जात नाहीत.

फारिया हे नाव मी उच्चारले तेव्हा आत्याला पणजीतला पुतळा आठवला. मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयाशेजारी, मागे झुकलेल्या एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभा असलेला पाद्री तिने पाहिला होता. तोच हा. आबे फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये गोव्यातल्या कांदोळीचा आणि मृत्यू १८१९ मध्ये पॅरिसचा. द्यूमांनी त्यांचे नाव घेतले आणि पात्र मात्र इटालियन केले. खऱ्या फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून असे मांडले होते की झोप आणणारे कोणतेही चुंबकीय द्रव्य प्रयोग करणाऱ्याच्या हातातून वाहत नाही. ती शक्ती झोपणाऱ्याच्याच मनात, त्याच्या विश्वासात आणि अपेक्षेत असते. क्रमशः कथेविषयी याहून नेमके काही मला सांगता येणार नाही.

अशा कादंबऱ्यांवर पाल्हाळाचा आरोप नेहमी होतो. तो काही अंशी खराही आहे, कारण द्यूमांना ओळींच्या हिशेबाने पैसे मिळत. पण पाल्हाळ वाटणारे बरेचसे काही वेगळ्या गतीसाठी रचलेले असते. घडून गेलेली गोष्ट एखादे पात्र पुन्हा सांगते, तेव्हा तीन दिवसांत पुस्तक संपवणारा वाचक वैतागतो, आणि महिन्यापूर्वी ती ऐकलेल्या आत्याला मात्र उजळणी हवी असते. रोमच्या कार्निव्हलची आणि दरोडेखोरांची प्रकरणे मी विद्यार्थिदशेत चक्क गाळली होती. या वेळी त्यांत सात-आठ रात्री गेल्या. आपला दांतेस नाहीसा झाला आहे आणि त्याच्या जागी एक गर्भश्रीमंत परका उमराव वावरतो आहे. लेखक त्याचे खरे नाव सांगत नाही. "हा तोच," आत्या म्हणाली, "थडग्यात कोंडलेल्या माणसासारखा फिकट आहे, असं तू त्या बेटावरच्या प्रकरणात वाचलंस." असा शोध स्वतः लावण्याचा आनंद तिच्या आवाजात होता.

आजच्या वाचकाला धीर उरलेला नाही, असे म्हणतात. मला ते पटत नाही. धीर आहे, पण कोणी तो मागतच नाही. मालिकेचे सारे भाग एका रात्रीत समोर ठेवले जातात, एक भाग संपता संपता दुसरा आपोआप सुरू होतो आणि "काय झाले असेल" असे मनाशी म्हणायलाही फुरसत मिळत नाही. आत्याचे वय ७४ आहे, माझ्या भाचीचे १६. भाचीला शेवटचे दोन महिने आमच्या फोनची इतकी गोडी लागली की नऊच्या ठोक्याला तीही माझ्याशेजारी येऊन बसू लागली. मागची कथा तिला रोज दुपारी आत्याच सांगत होती, हे मला फार उशिरा कळले.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री शेवटचे प्रकरण झाले. डॉक्टरांनी आता आत्याला वाचायची परवानगी दिली आहे, पण तिने पुस्तक मागवलेले नाही. तीन शिलेदारांची प्रकरणे किती आहेत, एवढेच तिने विचारले. ६७, मी सांगितले. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सुरू करायचे ठरले आहे. वेळ तीच, रात्री नऊची.