समुद्राजवळ घर आणि वर पत्र्याचं छप्पर

जुनं छप्पर काढायला घेतलं तेव्हा शिडी लावून मीच वर चढून बघितलं, आणि जरा चक्रावलोच. मधला पत्रा, ज्याच्यावर ऊन-पाऊस सगळं थेट पडतं, तो बऱ्यापैकी शाबूत. सडलं होतं ते वळचणीखाली, आतल्या अंगाने, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही. मला वाटलं गळती असणार कुठेतरी. पण नव्हती. पाऊस मीठ धुवून नेतो, आणि जिथे पाऊस पोचत नाही तिथे खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ साचतच राहतं. त्यात मिठाला ओलावा ओढायची खोड, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ तिच्यातलंच पाणी घेऊन विरघळायला लागतं, म्हणजे पाऊस नसला तरी पत्र्यावर खारट ओल असतेच.

मग नवीन काय टाकायचं याचं वाचन सुरू केलं. साधा जीआय पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर, लोखंडाच्या आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पत्र्यावर २७५ असा आकडा असतो ना, तो एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त आहे त्याचा. म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आयएसओ ९२२३ नावाचं एक मानक आहे, त्यात हवा धातूला किती गंजवते यावरून सी १ पासून सी ५ पर्यंत आणि वर सीएक्स असे गट केलेत, आणि सी ५ मध्ये, म्हणजे समुद्रकाठच्यासारख्या फार गंजवणाऱ्या हवेत, पहिल्या वर्षातच ४.२ ते ८.४ मायक्रॉन जस्त जातं असं धरलंय. आता तुम्हीच भागाकार करा. पुढे वेग थोडा कमी होतो हे मान्य, पण मी तो पत्रा तिथेच बाद केला.

दुसरा पर्याय गॅल्व्हल्यूम, हाही लोखंडीच पत्रा, पण त्याच्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३ टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन. इथे मी पहिल्यांदा फसलो होतो कारण त्याचा आकडा १५० असतो आणि मला वाटलं २७५ पेक्षा हलका माल आहे. पण ॲल्युमिनियमच मुळात वजनाला हलकं, त्यामुळे १५० ग्रॅममध्येही थर तेवढाच, २० मायक्रॉनच्या आसपास येतो आणि झिजतो बराच हळू. किनाऱ्यापासून जरा आत घर असेल तर चांगला पर्याय. पण अगदी लाटांच्या तोंडावर असाल तर कापलेल्या कडेपासून गंज आत सरकतो. वॉरंटीचा कागद नीट वाचा, समुद्रापासून किती अंतराच्या आत ती लागूच नाही हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मी शेवटी ॲल्युमिनियम घेतलं, वर पीव्हीडीएफ नावाचा टिकाऊ रंग. लाल गंजाचा प्रश्नच मिटला, पण बाकीचे प्रश्न मिटले असं नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट पसरतं, ६ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाला साडेपाच मिलिमीटर तरी हलतो, म्हणून स्क्रूचं भोक थोडं मोठं ठेवावं लागतं नाहीतर भोकं फाटतात. माझे पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे दांडे, लोखंडी; खारट ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो, त्यामुळे मध्ये टेप टाकून ते वेगळे ठेवले. आणि तांब्याचा पाइप वगैरे वर असेल तर त्याच्यावरून वाहणारं पाणी ॲल्युमिनियमवर पडता कामा नये, तांबं त्याला खातं.

आता स्क्रू. सगळा खर्च पत्र्यावर करून स्क्रू स्वस्तातले घ्यायचे हा प्रकार मी आधीच्या छपराला केला होता, आणि स्क्रूची डोकीच गळून पडली, पत्रा धड आणि वाऱ्याने फडफडतोय. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात छोटा जस्त चढवलेला स्क्रू ठोकला की सगळी झीज त्या बिचाऱ्या स्क्रूवर येते. उलट स्टेनलेसचा छोटा स्क्रू चालतो, कारण झीज पूर्ण पत्र्यावर वाटली जाते. त्यातही ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या, त्यात गंज रोखणारा मॉलिब्डेनम नावाचा धातू २ ते ३ टक्के असतो, साध्या ३०४ प्रतीवर समुद्राजवळ चहासारखे तपकिरी डाग पडतात. मात्र हेच स्टेनलेस स्क्रू गॅल्व्हल्यूमला लावू नका, त्याला त्याच्या कंपनीने सांगितलेलेच.

बसवताना एका गोष्टीवरून माझा आणि फॅब्रिकेटरचा वाद झाला. त्याला ग्राइंडरने कापायचं होतं, पटकन होतं म्हणून. ठिणग्या रंग जाळतात आणि लोखंडी कीस उडून पत्र्यावर चिकटला की दोन दिवसांत तिथे लाल ठिपके. पत्राकातरीने काप म्हटलं तर तो म्हणाला दिवस जास्त लागेल. लागू दे म्हटलं.

आता सहा महिन्यांतून एकदा साध्या पाण्याने धुवायचं ठरवलंय, पाइप घेऊन वर चढायचं नाही, खालूनच वळचणीच्या आतल्या बाजूला मारायचा. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, वर सोडून हा खालून काय धुतोय.