मोडेमला फक्त मोडेम ठेवलं

साताऱ्याच्या घरी लँडलाइनवर डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरूनच येणारं इंटरनेट, आणि मोडेम खाली फोनच्या कोनाड्यात. वायफाय त्याच्यातच, त्यामुळे माडीवर रेंजच्या नावाने बोंब. मी राउटर आणून त्या मोडेमला जोडला. माडीवर नेट आलं, पण अंगणातला कॅमेरा बाहेरून काही दिसेना. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडून झाले, दोनदा रीस्टार्ट झालं. शेवटी राउटरचं वॅनचं (बाहेरच्या जोडणीचं) पान बघितलं, तर तिथे पत्ता १९२.१६८.१.५. हा तर घरातलाच! मोडेमने दिलेला. म्हणजे नॅटवर नॅट: घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकायचं काम मोडेमही करतोय आणि राउटरही. मी आतला दरवाजा उघडून बसलो होतो आणि बाहेरच्याला कडी तशीच.

उपाय एकच, मोडेम ब्रिज करायचा. मग त्याने फक्त लाइनवरचा सिग्नल पुढे द्यायचा आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे नाव-पासवर्ड देऊन नेट जोडायचं, लॉगिन राउटरने करायचं. मोडेमच्या पानावर वॅनमध्ये गेलो. व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे कंपनीच्या लाइनचे आकडे आधीपासून होते, त्यांना हात लावला नाही. पीपीपीओईच्या जागी ब्रिज निवडलं, सेव्ह केलं, रीबूट.

आणि मग आठवलं की युजरनेम-पासवर्ड लिहून घेतलेलाच नाही. ते मोडेममध्येच होते, आता तिथलं पान कोरं.

बाबांना विचारलं. त्यांनी फोनची वही काढली. गॅसवाल्याच्या नंबराखाली पेन्सिलने युजरनेम-पासवर्ड! राउटरला हात लावण्याआधी लॅपटॉप थेट मोडेमला जोडून ब्रॉडबँडचं कनेक्शन बनवलं, टाकला पासवर्ड. एरर ६९१. पुन्हा टाकला, पुन्हा ६९१. हा एरर आला की लाइनला दोष द्यायचा नाही, समोरून उत्तर येतंय पण नाव किंवा पासवर्ड पटत नाहीये. (लाइनपलीकडून कुणी ओच देत नसेल, तर ६५१ येतो.) वहीत परत डोकं घातलं.

"बाबा, हे शून्य आहे की ओ?"

"शून्यच असणार. ओ मी एवढा बारीक काढत नाही."

शून्य टाकलं, जोडलं गेलं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष मोडेमकडे गेलं. "अरे, इंटरनेटचा दिवा बंद आहे. बिघडवलास ना?" ब्रिज केल्यावर आमच्या मोडेमवर तो दिवा लागतच नाही, कारण लॉगिन आता तो करत नाही. डीएसएलचा दिवा स्थिर आहे ना, मग झालं. त्यांना हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोडेम बंद-चालू केलाच.

 मग राउटरच्या वॅन पोर्टात केबल, पीपीपीओई निवडून तेच नाव, तोच पासवर्ड.

सगळं चालू, फक्त बँकेची साइट अर्धवट उघडून फिरत बसायची. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट खातं, त्यामुळे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० ऐवजी १४९२ लागतो आणि राउटरमध्ये १५०० होता. तुकडे न करण्याची सक्ती करून पिंग (चाचणीचं पॅकेट) मारून बघितला: १४६४ बाइटचा जातो, १४६५ अडकतो. त्यात हेडरचे २८ मिळवले की बरोबर १४९२. एमटीयू बदलल्यावर बँक उघडली.

पावणेबाराला माडीवर फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावर कॅमेरा लावला. अंगणात शेजारचं मांजर आमच्या स्कूटरच्या सीटवर झोपलं होतं.